बाईंचा खवचट माणूस

"याच्याहून कमीत होत नाई, हे कशावरून?"

असं विचारताना बाई डोकं जरा कलतं करायच्या आणि चष्म्याची काडी दातांत धरायच्या. गोल बाजारात भाजीवालीनं "याच्याहून कमीत परवडत नाई बाई" म्हटलं की झालंच. "परवडत नाई हे कशावरून?" बाईंना भाव पाडायचा नसे, खरंच जाणून घ्यायचं असे. भाजीवाली बिचारी राजुऱ्याहून येणाऱ्या टेम्पोचं भाडं, अडत, सडलेला माल असं सगळं सांगे. बाई शांतपणे ऐकत आणि "हाव, पटलं" म्हणून सांगितला तेवढा भाव देऊन चालू लागत.

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात आली असतील. पहिल्या भेटीत ती चक्रम वाटतात, पुढे डोकेदुखी वाटतात, आणि मग कधीतरी आपल्याला कळतं की आपण त्यांच्यावर जळतोय. मी बाईंवर जळत होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला उगाच तर्क करत बसायला नको.

ही गोष्ट ऐंशीनंतरच्या वर्षांतली. चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजात गणिताचा विभाग दोन खुर्च्यांचा. एका खुर्चीवर विभागप्रमुख म्हणून मी, दुसरी बरेच दिवस रिकामी. तोवर शहरात गणित म्हणजे मी असं समीकरण होतं. कुणाच्या लग्नाला गेलो तरी कोणी ना कोणी पुतण्याचं अडलेलं गणित घेऊन येई, आणि मी हातात अक्षता धरून ते सोडवून देई. मला ते आवडायचं. नंतर त्या दुसऱ्या खुर्चीवर बाई आल्या.

बाई धानोऱ्याच्या. वडील तिथल्याच शाळेत मास्तर. छप्पन साली चंद्रपूरला येऊन त्यांनी धम्मदीक्षा घेतली, आणि मुलगी झाली तर तिला शिकवायचं तेवढं शिकवायचं हे परतीच्या वाटेवरच ठरवून टाकलं, असं ते सांगायचे. मुलगी अजून व्हायची होती. ती झाली, शिकली, मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत पीएच.डी. झाली आणि आईवडिलांच्या जवळ राहायचं म्हणून आमच्या कॉलेजात आली. विषय, सैद्धांतिक संगणकशास्त्र.

आमच्या कॉलेजात तेव्हा संगणक नव्हता. कॉलेजातच कशाला, माझ्या माहितीत शेजारच्या आख्ख्या गडचिरोली जिल्ह्यातही नव्हता. प्राचार्य घाबरले. त्यांना वाटलं, आता ही बाई यंत्र मागणार.

"यंत्राचं कसं करायचं बाई?" त्यांनी विचारलं.

"यंत्र नाई लागत जी सर," बाई म्हणाल्या. "यंत्रानं काय होत नाई, तेवढं मले पाहाचं आहे. त्याले पेन्सिल पुरते."

प्राचार्य इतके खूश झाले की त्यांनी लगेच चहा मागवला. दहा वर्षांत त्यांनी मला कधी चहा पाजला नव्हता.

मग पाकिटं यायला लागली. त्या काळी परदेशातल्या एखाद्या प्राध्यापकाचा पेपर हवा असेल तर त्याला साधं पोस्टकार्ड टाकायचं, तो आपल्या खर्चानं प्रत पाठवायचा. बाई पोस्टकार्डं टाकायच्या आणि आमच्या कॉलेजात पार्सलासारखी जाड पाकिटं येऊन पडायची, कॅनडाची, इस्रायलची, हंगेरीची. शिपाई तिकिटांसाठी बाईंच्या मागे मागे फिरे. मला येणारं टपाल म्हणजे विमा आणि मेहुण्याची पत्रं. एकदा मीही तसंच कार्ड टाकलं. पाकीट आलं, पण ते नेमकं बाईंच्या नावाच्या गठ्ठ्यात आलं. शिपायाला वाटलं, परदेशी आहे म्हणजे बाईंचंच असणार. बाईंनी ते न उघडता मला आणून दिलं. उघडून वाचलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

"तुमच्या पोटात दुखून राह्यलं," माझी बायको म्हणायची. "ओवा देऊ का?"

ओव्यानं जाणारं दुखणं नव्हतं ते.

एका पावसाळ्यात बाईंचा धाकटा भाऊ भामरागडला ग्रामसेवक होता. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड जगापासून तुटतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. त्या वर्षी पाऊस फार झाला आणि भावाची काही खबर येईना. बाई चंद्रपूरच्या एसटी स्टँडवर जाऊन आलेल्या प्रत्येक कंडक्टरला विचारत होत्या. एक म्हणे, आलापल्लीपर्यंत चालू आहे, पुढचं माहीत नाही. दुसरा म्हणे, एटापल्लीचा रस्ता बंद. तिसरा सिरोंच्याचा, तो तेलुगूत काहीतरी सांगून हात हलवून गेला. मी सोबत गेलो होतो. माणूस म्हणून मी वाईट नाही, एवढं लक्षात ठेवा.

पुढे भाऊ सुखरूप असल्याचा निरोप आला. बाई हसल्या, डोळे पुसले आणि काडी दातांत धरली.

"सर, गाव तुटलं का नाई, हे सगळेच रस्ते विचारल्याबिगर समजतच नाई का? थोडेसे विचारून नाई भागत?"

मी मान हलवली. मला वाटलं, काळजीनं बोलताहेत. त्या गणित बोलत होत्या.

प्रश्न असा. काही गावं आहेत. कुठल्याही दोन गावांमध्ये रस्ता असेल किंवा नसेल. तुम्ही एका वेळी एकाच रस्त्याबद्दल विचारायचं, आहे की नाही. त्या नकाशाबद्दलची एखादी गोष्ट नक्की कळायला कमीत कमी किती प्रश्न लागतील? गाव तुटलं की नाही, याचं उत्तर जगात आधीच निघालेलं होतं. बाईंनी त्याच्या पुढचा, जास्त अवघड प्रकार धरला.

आता, याहून कमीत होत नाही हे सिद्ध कसं करायचं? या शास्त्रात त्याची एक ठरलेली रीत आहे. उत्तरं देणारा माणूस मुद्दाम वाईट कल्पायचा. तो खोटं बोलत नाही, पण प्रत्येक वेळी असं उत्तर देतो की तुमच्या हाती काही लागू नये. असा माणूस तुम्हाला जितके प्रश्न विचारायला लावेल, तितके लागणारच. पुस्तकात त्याला प्रतिपक्षी म्हणतात. बाई त्याला खवचट माणूस म्हणायच्या.

"खोटं नाई बोलत तो," स्टाफरूममध्ये त्या सगळ्यांना समजावत होत्या. "हसून बोलते, इचारलं तेवढं सांगते, पण कामाचं काईच सांगत नाई. तुमाले जिथल्या तिथी ठेवते."

"असा माणूस खरंच असतो का?" मी म्हणालो.

"असते ना जी. तुमच्यावरूनच तर सुचला."

सगळे हसले. मीही हसलो. तेवढा खवचटपणा मला येत होता.

तुम्हाला परिषद म्हटलं की हार, श्रीफळ आणि लांबलेलं अध्यक्षीय भाषण आठवेल. या शास्त्राची परिषद तशी नसते. इथं परिषदेत पेपर घेतला जाणं हीच परीक्षा. दहा-बारा पानांत सिद्धान्त आणि सिद्धता बसवून उन्हाळ्यात पाठवायची. समितीतले लोक ती चाळणीत घालून हलवतात, आणि वर राहतील तेवढ्यांनाच डिसेंबरात बोलायला बोलावतात. त्या वर्षी परिषद बंगलोरला होती. बाईंनी पाठवायचं ठरवलं, म्हणून मीही ठरवलं. माझाही एक प्रश्न होता, तसाच, रस्त्यांचा नाही पण त्याच भावकीतला. मला एकदाच त्या यादीत नाव हवं होतं. बाईंच्या वर नको, खाली चाललं असतं. पण हवं होतं.

कोर्टासमोरच्या टायपिस्टकडे दोघांचेही पेपर टाइप झाले. त्याच्या यंत्रात गणिताची चिन्हं नव्हती, तेव्हा जागा मोकळ्या सोडायच्या आणि मागून काळ्या शाईनं भरायच्या. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. बाईंनी आपलं काम संपवून माझ्याही पेपरातली चिन्हं भरून दिली, अगदी छापल्यासारखी. त्याचाही मला रागच आला.

उत्तरं एकाच दिवशी आली. बाईंचा पेपर घेतला, माझा नाही घेतला. माझ्याबद्दल लिहिलं होतं की काम बरोबर आहे पण फारसं कुतूहल निर्माण करत नाही. चूक आहे असं म्हणाले असते तर मी समितीशी भांडलो असतो. बरोबर आहे पण कंटाळवाणं आहे, याला माणूस काय उत्तर देणार?

दसऱ्याच्या सुट्टीआधी बाईंनी आपला पेपर माझ्या टेबलावर ठेवला.

"सर, एकदा चूक काढून द्या. तिथी लोक सोडत नाईत म्हणे."

मी तो घरी नेला आणि चूक काढायलाच बसलो. तुम्ही कधी कुणाचं काही वाईट नजरेनं वाचलं आहे का? प्रेमानं वाचणारा ओळीवरून घसरत जातो. मी एकेका अक्षरावर थांबत होतो. त्या पेपरातली कुठली खूण कुठल्या पानावर कितव्या ओळीत आहे, हे मला पाठ झालं. आणि एक दिवस मला चूक सापडली. बाईंचा खवचट माणूस एका गावाबद्दल सारखं "रस्ता नाही, रस्ता नाही" म्हणत जातो. शेवटी शेवटी त्याला "आहे" म्हणणं भागच पडतं. म्हणजे आता तो काय बोलणार हे आधीच ओळखता येतं. खवचट माणूस पकडला गेला!

"आज काऊन जी शिट्टी वाजवून राह्यले?" बायको म्हणाली. मी झुणक्याबरोबर एक भाकरी जास्त खाल्ली.

दुसऱ्या दिवशी बाईंना दाखवायला म्हणून मी ते नीट लिहून काढायला घेतलं आणि लिहिता लिहिता हात थांबला. तो पकडला जातो खरा, पण तोवर बाई म्हणतात तेवढे प्रश्न विचारून झालेले असतात. वरात निघून गेल्यावर घोडं सापडून काय उपयोग? सिद्धता शाबूत होती. इतकी शाबूत की मला रडू यायचं बाकी राहिलं.

पेपर परत देताना मी म्हणालो, "ठीक आहे."

"ठीक म्हंजे?"

"ठीक म्हणजे ठीक."

बाई खूश झाल्या. त्यांना माझ्याकडून तेवढं पुष्कळ होतं.

बंगलोरला आम्ही तिघं गेलो. बाई बोलायला, मी ऐकायला आणि माझी बायको बंगलोर पाहायला. खरं तर मला जायचं नव्हतं, पण न जाणं आणखी वाईट दिसलं असतं. बल्लारशाहून गाडीत बसलो तेव्हा बाईंच्या मांडीवर एक मोठं चपटं पाकीट होतं. भाषणाला पडद्यावर दाखवायच्या पारदर्शक पट्ट्या चंद्रपुरात मिळत नव्हत्या. म्हणून बाईंनी ओळखीच्या डॉक्टरकडून जुन्या एक्स-रे फिल्म आणल्या, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत कॉस्टिक सोड्यात धुतल्या आणि त्यांवर शाईनं लिहिलं. बहुतेक चांगल्या धुतल्या गेल्या होत्या.

सगळ्या नव्हत्या. भाषणाच्या ऐन मध्यावर, मुख्य सिद्धान्त पडद्यावर आला आणि त्याच्या मागे कुणाच्या तरी छातीच्या बरगड्या उमटल्या. सभागृहात खसखस पिकली. बाईंनी वळून पाहिलं आणि शांतपणे इंग्रजीत म्हणाल्या, "हा आमच्या गावचा पेशंट आहे. सिद्धतेत त्याचा उपयोग केलेला नाही." लोकांनी बाकं वाजवली. मी मागच्या रांगेत बसून विचार करत होतो, मला हे सुचलं असतं का? नसतं सुचलं.

भाषण संपलं. प्रश्न विचारायची वेळ. पहिल्या रांगेतून एक बडे प्राध्यापक उठले. परदेशात नाव कमावलेले, त्यांच्यापुढे यजमान संस्थेचे संचालकही जरा वाकून उभे राहायचे. ते म्हणाले, "तुमच्या सिद्धतेत भोक आहे. तुमचा प्रतिपक्षी शेवटी पकडला जातो. त्याचं उत्तर आधीच ओळखता येतं. मग तुमचा आकडा कोसळला." आणि बसलेसुद्धा, जणू प्रकरण मिटलं.

बाईंनी काडी दातांत धरली. त्या उत्तर देणारच होत्या, हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि आजही ठाऊक आहे. त्यांना फक्त त्या फिल्मच्या गठ्ठ्यातून हवी ती फिल्म काढायची होती.

पण मी उभा राहिलो होतो. कधी उठलो, कळलं नाही. माझे कान गरम झाले होते. त्या माणसाचा मला असा संताप आला होता की बस. ते भोक माझं होतं. मी त्याच्यासाठी दसरा घालवला होता, भाकरी खाल्ली होती, शिट्टी वाजवली होती. हा कोण आला बसल्या बसल्या, एकदा कानावरून गेलेलं ऐकून, ते आपलं म्हणून सांगणारा?

"तो पकडला जातो," मी मोठ्यानं म्हणालो, "पण उशिरा. तिसऱ्या पानावरचं दुसरं विधान बघा. तोवर तेवढे प्रश्न विचारून झालेले असतात." आणि मी ते विधान, न बघता, शब्दाशब्दानं म्हणून दाखवलं.

प्राध्यापकांनी बोटांवर काहीतरी मोजलं, मग म्हणाले, "बरोबर आहे. माफ करा." भला माणूस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या बाईंसाठी होत्या, आणि तसंच असायला हवं होतं. तरी एक-दोघांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

चहाच्या वेळी बाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"सर, मले येत होतं उत्तर."

"माहीत आहे."

"मंग तुमी काऊन उठले?"

मी बशीत चहा ओतत राहिलो. सकाळपासून एक अक्षर न कळलेली माझी बायको मध्येच म्हणाली, "त्याइले खपलं नाई ना बाई. तुमची चूक काढाचा मक्ता त्याइचाच आहे."

बाई एवढ्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. मी मात्र बशीतच पाहत राहिलो. बायको खरं बोलली होती.

त्या भाषणानंतर दक्षिणेकडच्या एका संस्थेनं बाईंना बोलावलं आणि पुढच्या जूनमध्ये त्या गेल्या. आईवडिलांनाही सोबत नेलं. प्राचार्यांनी निरोपाला चांगलं भाषण केलं. मी दोन वाक्यं बोललो आणि दोन्ही पडली. दुसऱ्या दिवशी शिपाई रिकाम्या हातानं माझ्या टेबलाजवळून गेला आणि मला एकदम त्या परदेशी पाकिटांची आठवण आली. इतका राग होता त्यांचा, आणि आता ती येत नाहीत म्हणूनही रागच.

पुढे बाई अशाच परिषदांच्या समितीवर आल्या. समितीतले लोक काही पेपर बाहेरच्या जाणकाराकडून तपासून घेतात. बाई ते मला पाठवायच्या. "तुमच्यावाणी वाईट नजरेनं कोणी वाचत नाई," असं त्यांनीच फोनवर सांगितलं होतं, तेही अगदी मनापासून. मी कितीतरी पेपरांतल्या चुका काढल्या. पण खरं सांगू? त्या परक्या लोकांच्या चुका काढण्यात मजा नव्हती. माझं कुणाशी काही वैर नव्हतं.

शेवटी माझाही पेपर झाला. तोच जुना प्रश्न, पण या वेळी मला त्यात एक वळण सापडलं होतं आणि ते कंटाळवाणं नव्हतं. बाई तेव्हा वर्षभरासाठी परदेशी होत्या. मी सगळ्यांत आधी त्यांना प्रत पाठवली. त्यांचं कार्ड आलं, "सर, छान जमलं. भल्ला आवडला." बस, एवढंच.

"बाईनं तारीफ केली तं तोंड काऊन पाडलं?" बायकोनं विचारलं.

"एकही चूक काढली नाही," मी म्हणालो.

"नसन तं कुठून काढतीन?"

"शोधायला तर पाहिजे होती."

बाईंचा दोष नव्हता. त्यांना खरंच आवडला होता. त्यांनी तो आनंदानं, भरभर, घसरत घसरत वाचला असणार. माझ्यावर जळायचं त्यांना कारणच नव्हतं.

समितीनं पेपर घेतला. डिसेंबरात मी परिषदेला गेलो, छापील कार्यक्रमात माझं नाव पाहिलं, आणि नव्याकोऱ्या पट्ट्या घेऊन बोलायला उभा राहिलो. बरा बोललो. माझ्या सिद्धतेत एक जागा होती, वरवर पाहिलं तर तिथं मोठा खड्डा दिसतो. त्या जागेचं उत्तर मी महिनाभर घोटून ठेवलं होतं. त्या जागेवर कुणीतरी बोट ठेवावं, मी गोंधळल्यासारखं करावं, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी कान लाल करून उठावं, असं मनात होतं. बाईंना तसा एक जण मिळाला होता. इतकी वर्षं मी त्यांच्या पाकिटांचा, बुद्धीचा, नावाचा हेवा केला, पण त्या दिवशी त्या व्यासपीठावर उभं राहून मला त्यांचा जो हेवा वाटला, तसा कधीच वाटला नव्हता.

अध्यक्षांनी विचारलं, "कुणाला काही प्रश्न?"

टाळ्या झाल्या, चांगल्या झाल्या. पुढचा वक्ता आपलं पाकीट घेऊन माझ्या शेजारी येऊन उभाही राहिला. मी पट्ट्या एकेक करून सावकाश गोळा करत होतो आणि मागच्या रांगेकडे पाहत होतो, कुणी उठतंय का म्हणून.